मांजर घरी आणण्यापूर्वी

मागच्या पावसाळ्यात दहा वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याची आई दवाखान्यात आली. उजव्या मनगटावर ओरखडा आणि त्यात हळद दाबून भरलेली. ओरखडा चार दिवसांपूर्वीचा होता. रक्तही आले होते. घरी कळले तर नवे मांजर बाजारात नेऊन सोडतील, या भीतीने मुलाने तो बाहीखाली लपवून ठेवला होता. हळदही त्यानेच लावलेली. पिल्लू रस्त्यावरून उचलून आणलेले, लस कसलीच नाही. मी त्याला तेव्हाच सरकारी रुग्णालयात पाठवले. पुढे त्याची सर्व इंजेक्शने पूर्ण झाली. मुलगा बरा आहे, मांजरही ठणठणीत असून त्याच घरात आहे. पण ते वाया गेलेले चार दिवस आठवले की मला अजून अस्वस्थ वाटते.

रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो, अशी अनेकांची समजूत असते. पिसाळलेल्या मांजरामुळेही तो होतो आणि एकदा लक्षणे सुरू झाली की रोगी वाचवणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून मांजर आणायचे ठरले की पहिली तयारी टोपलीची नव्हे, लसीची करावी. पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. आणल्यावर पशुवैद्यकाला दाखवून जंताचे औषध द्यावे. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचून घ्यावी, पुढच्या मात्रांच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात.

तरीही मांजर चावले किंवा ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे, दोन नव्हे. हळद, चुना, तिखट, कॉफी काहीही भरू नये, पट्टी आवळू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आता पोटातली चौदा इंजेक्शने राहिलेली नाहीत. ती जुनी लस 2004 नंतर आपल्या देशात बंद झाली. हल्ली दंडात चार किंवा पाच वेळा लस देतात. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. रक्त आले असेल तर जखमेत आणखी एक इंजेक्शन द्यावे लागते, तेही टाळू नये. आणि मुलांना आधीच सांगून ठेवावे की ओरखडा दाखवलास तर कोणी रागावणार नाही, मांजरही कुठे जाणार नाही. माझ्या मते घरच्या तयारीतली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि तिला पैसाही लागत नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न गर्भवती स्त्रियांचा. सुनेला दिवस गेले की घरातले पाळलेले मांजर हाकलून देतात. कारण ऐकीव असते, ‘मांजराचे केस पोटात जातात.’ केसांनी गर्भाला काही होत नाही. भीती आहे ती टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परोपजीवी जंतूची आणि तो मांजराच्या विष्ठेतून येतो. गरोदरपणात पहिल्यांदाच त्याची लागण झाली तर गर्भपात होऊ शकतो, बाळाच्या डोळ्यांना व मेंदूला इजा पोहोचू शकते. मात्र विष्ठेतून बाहेर पडल्यावर हा जंतू संसर्ग करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणजे मांजराच्या शौचाचे भांडे रोज साफ झाले तर धोका फार कमी होतो. हे काम गर्भवतीने करू नये, घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. यजमानांनी केले तर उत्तमच! शिवाय हा जंतू कच्चे राहिलेले मटण, न धुतलेली पालेभाजी आणि बागेतली माती यांतूनही येतो. मांजर हाकलून अर्धवट शिजलेले मटण खाल्ले तर उपयोग काय?

शौचाची व्यवस्था सोपी आहे. प्लास्टिकचा पसरट टब घेऊन त्यात दोन-तीन बोटे कोरडी वाळू किंवा लाकडाचा भुसा घालावा. वर्तमानपत्राचे तुकडेही चालतात, अगदी हेसुद्धा, फक्त लेख वाचून झाल्यावर. टब स्वयंपाकघरापासून दूर, शांत कोपऱ्यात ठेवावा. साफ केल्यावर हात साबणाने धुवावेत. गल्लीत बांधकाम चालू असेल तर वाळूच्या ढिगात मुलांना खेळू देऊ नये, कारण परिसरातल्या मांजरांचे ते आवडते शौचालय असते.

घरात कोणाला दमा असेल तर आधी विचार करावा. ॲलर्जी करणारा घटक मांजराच्या लाळेत आणि कातडीत असतो, अंग चाटताना तो केसांना लागतो. त्या व्यक्तीने मांजर असलेल्या घरी दोन-तीनदा तासभर बसून पाहावे. शिंका, धाप लागली तर बेत रद्द करावा. पिल्लाच्या अंगावर केस गळून गोल चट्टे असतील तर तो गजकर्णाचा प्रकार असू शकतो, मुलांनाही तो होतो. उपचार होईपर्यंत ते कुशीत घेऊ नये.

खाण्याबाबत आपली मोठी चूक म्हणजे दूधपोळी. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, हगवण लागते. मांजर मांसाहारी प्राणी आहे. मांसातून मिळणारे टॉरिन नसेल तर त्याची दृष्टी आणि हृदय बिघडते. आजीची मांजरी दूधपोळीवर जगली असे सांगतात, पण ती रात्री उंदीर मारत होती हे विसरतात. शाकाहारी घरांनी मांजरांसाठी मिळणारे तयार खाद्य आणावे. इतरांनी त्याच्या जोडीला बिनमसाल्याची, काटे काढलेली उकडलेली मासळी द्यावी. कांदा-लसणाचा रस्सा मांजराला विषारी आहे.

आणि औषधांचे कपाट बंद ठेवावे. पॅरासिटामॉलची आपली एक साधी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ‘ताप वाटला म्हणून अर्धी दिली’ असे सांगणारे भेटले आहेत. डांबरगोळ्या, उंदराचे औषध, सुईदोरा उचलून ठेवावा. फिनेलने पुसलेली फरशी पूर्ण वाळेपर्यंत त्यावर मांजर फिरू देऊ नये. ते पंजे चाटते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खिडकीला जाळी बसवावी.

आणताना पोत्यात कोंबून आणू नये, ओरखडे तिथेच पडतात. झाकणाची टोपली घ्यावी, आत जुने लुगडे घालावे. पहिले दोन-तीन दिवस एकाच खोलीत टब, पाणी आणि अंथरूण ठेवावे. ते कपाटाखाली जाऊन बसेल. मुलांनी हात घालून ओढू नये, भूक लागली की ते आपण होऊन बाहेर येते.