ठाण्याचा हुतात्मा भिक्षू

१८९४ साली रोमच्या धर्मपीठाने ज्या थॉमसला ‘धन्य’ म्हणून गौरविले, तो इटलीतील टोलेंटिनोचा फ्रान्सिस्कन भिक्षू. भिक्षूने निर्धनच राहिले पाहिजे, या आग्रहापायी त्याने स्वसंघीयांच्याच हातून कारावास भोगला. पुढे आर्मेनियात धर्मसेवा करून उतारवयात तो चीनकडे निघाला. परंतु गलबताने त्याला ठाण्यास आणले. तेथे काझीपुढील धर्मचर्चेचे पर्यवसान त्याच्या व तीन सोबत्यांच्या वधात झाले. ते वर्ष १३२१. डोमिनिकन भिक्षू जॉर्डन याने त्यांचे देह सोपाऱ्यास पुरले. काही काळाने त्यांच्याच संघातील ओडोरिक याने त्या अस्थी चीनमधील झैतून बंदरी नेल्या. थॉमस चीनला पोहोचला खरा, पण अस्थिरूपाने!