घरची मोरी आणि गावचा पैसा

मोरीत ओतलेले पाणी जाळीतून खाली गेले की ‘दृष्टीआड सृष्टी’ म्हणून आपण निश्चिंत होतो. परंतु त्या पाण्याचा खरा प्रवास तेथून पुढे सुरू होतो. घरातून निघालेली नळी अंगणाखालून किंवा बोळाखालून जाऊन रस्त्यातील मोठ्या भुयारी गटारास मिळते. मोठे गटार नगरपालिकेचे; ते फुटले तर तिनेच दुरुस्त करावे, याविषयी कोणास शंका नसते. मधली जोडनळी मात्र पुष्कळ ठिकाणी घरमालकाची समजली जाते. ती नादुरुस्त झाली आणि मालकाजवळ पैसा नसला, तर सार्वजनिक तिजोरीतून त्याला साहाय्य द्यावे काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

जुन्या वस्त्यांतील जोडनळ्या पुष्कळदा भाजलेल्या मातीच्या असतात. कालांतराने त्यांचे सांधे सुटतात, जमीन खचली की तडे जातात, आणि ओलाव्याच्या शोधात आलेली झाडांची मुळे त्या फटींत शिरतात. अशी नळी दोन प्रकारे उपद्रव करते. भूजलाची पातळी खाली असते तेव्हा मैला बाहेर झिरपून जवळच्या विहिरीपर्यंत किंवा पाण्याच्या गळक्या नळापर्यंत पोहोचू शकतो. पावसाळ्यात पातळी वर आली म्हणजे नेमके उलट घडते. जमिनीतील पाणी फटींतून आत शिरते, मोठे गटार तुडुंब भरते, आणि मैलापाणी शेजाऱ्याच्या मोरीतून वर येते किंवा शुद्ध न होताच नदीत जाते.

एका घराची मोरी काय अनर्थ करू शकते, हे लंडन शहराने एकदा पाहिले आहे. 1854 च्या ऑगस्टअखेर तेथील ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ उसळली आणि सहाशेंहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी तेथील सार्वजनिक विहिरीकडे बोट दाखविले, आणि 8 सप्टेंबर रोजी तिच्या पंपाचा दांडा काढण्यात आला. परंतु विहीर दूषित कशी झाली, हे कळण्यास 1855 साल उजाडावे लागले. हेन्री व्हाइटहेड या धर्मोपदेशकांना आढळले की, 40 क्रमांकाच्या घरातील एक तान्हे मूल साथीच्या आरंभीच आजारी पडले होते, आणि त्याचे कपडे धुतलेले पाणी घराच्या मैलखड्ड्यात ओतले जात होते. खणून पाहता खड्ड्याच्या व मोरीच्या विटा सुट्या झालेल्या दिसल्या; विहीर तेथून तीन फुटांच्याही आत होती. मोरी खासगी होती, मरण मात्र साऱ्या वस्तीचे झाले.

मग दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावा? निरनिराळ्या देशांत याची निरनिराळी उत्तरे सापडतात. कॅलिफोर्नियातील ओकलंड, बर्कली इत्यादी गावांत घर विकताना किंवा मोठी दुरुस्ती करताना जोडनळी निर्दोष असल्याचा दाखला मालकाने स्वखर्चाने घ्यावा, असा नियम आहे. 2014 सालच्या न्यायालयीन समझोत्याने तो अधिक पक्का झाला. विक्रीच्या वेळी हाती पैसा येतो, हा या रीतीचा गुण. परंतु जो गरीब वृद्ध घर विकत नाही, त्याची फुटकी नळी तशीच राहते. इंग्लंड व वेल्स यांनी दुसरा मार्ग धरला. 1 ऑक्टोबर 2011 रोजी अनेक घरांच्या सामायिक खासगी मलवाहिन्या, तसेच घराच्या हद्दीबाहेरील जोडनळ्या, पाणीपुरवठा व मलनिस्सारण कंपन्यांकडे सोपविण्यात आल्या. त्यांचा खर्च आता सर्व ग्राहकांच्या पट्टीत विभागला जातो. तिसरा मार्ग अनुदानाचा. अमेरिकेच्या ग्रामीण भागातील अत्यल्प उत्पन्नाच्या, 62 वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या घरमालकांना आरोग्यास धोका असलेल्या दुरुस्तीसाठी केंद्र सरकारकडून अनुदान देण्याची तरतूद आहे. तीन वर्षांच्या आत घर विकल्यास ते परत करावे लागते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: ज्याने आपली नळी वेळेवर दुरुस्त केली, त्याच्या करातून निष्काळजी शेजाऱ्याला पैसा का द्यावा? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच मदत सरसकट नसावी. आधी नळीची तपासणी व्हावी, ऐपतदाराला परतफेडीचे कर्ज आणि निर्धनालाच अनुदान मिळावे, काम पाहिल्यावाचून पैसा देऊ नये, आणि घर विकले गेल्यास रक्कम परत यावी. इतके पथ्य पाळले तर तो पैसा शेजाऱ्याच्या मिळकतीवर नव्हे, आपल्याच पिण्याच्या पाण्यावर खर्च झाला असे म्हणता येईल.

आपल्याकडेही हा विचार परका नाही. इंदूर शहराने 2021 साली कान्ह व सरस्वती या नद्यांत आणि नाल्यांत मैला सोडणारी पाच हजारांहून अधिक घरगुती मुखे बंद केली. रस्त्यातील मोठे गटार कितीही उत्तम बांधले, तरी घराघरांतून येणारे पाणी त्यात नीट पोहोचल्यावाचून नदी शुद्ध होत नाही, हेच त्यातून दिसते.

श्रोतेहो, मिळकतीच्या हद्दी कागदावर आखलेल्या असतात. जमिनीखालच्या पाण्याला त्या ठाऊक नसतात. यापुढे नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात घरजोडण्यांच्या दुरुस्तीसाठी एखादी रक्कम दिसली, तर ती कोणाला व कोणत्या अटींवर मिळणार, एवढे अवश्य विचारा; पण दुसऱ्याच्या मोरीशी आपला काय संबंध, असे मात्र विचारू नका.