नावडत्या चाऱ्याची सव्वाशे वर्षे

सेरिसिया लेस्पेडेझा हे आशियातले द्विदल झुडूप अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात १८९६ साली प्रथम लावले गेले. पुढे आग्नेय राज्यांत धूप झालेल्या आणि खाणींनी उजाड केलेल्या जमिनी धरून ठेवायला ते सर्रास पेरले. नापीक, आम्लधर्मी मातीत ते तग धरते आणि खतही फारसे मागत नाही. तरी चारा म्हणून त्याला मान मिळाला नाही, कारण पानांत टॅनिन भरपूर आणि चव तुरट. ऑबर्न विद्यापीठाने नंतर चराईत टिकणारे ‘एयू ग्रेझर’ हे वाण काढले. पण या चाऱ्याचा भाव खरा वाढला तो जंतांची औषधे लागू पडेनाशी झाली तेव्हा. आणि ज्या टॅनिनमुळे तो नावडता होता, तेच आता त्याचे बळ ठरले, असे माझे मत आहे.

हिमोंकस हा रक्त पिणारा जंत शेळ्या-मेंढ्यांच्या चौथ्या पोटकप्प्यात राहतो. एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. उबदार, दमट हवेत ती लेंडीत उबतात आणि अळ्या गवतावर चढतात. जनावराच्या पापणीची आतली बाजू पांढरी पडते, जबड्याखाली पाणी साचते. थायाबेंडाझोल १९६१ साली आले, तेव्हा हा प्रश्न सुटल्यासारखा वाटला; पण तीन-चार वर्षांतच त्याला दाद न देणारे जंत आढळले. नंतरच्या औषधांचीही हीच गत झाली, कारण अख्ख्या कळपाला वरचेवर डोस पाजत राहिले की मागे उरतात ते औषध पचवणारेच जंत. जॉर्जियातील फोर्ट व्हॅली विद्यापीठासह अनेक ठिकाणच्या प्रयोगांत सेरिसिया खाणाऱ्या शेळ्यांच्या लेंडीतली अंडी घटली, वाळवलेल्या चाऱ्याचा आणि त्याच्या गोळ्यांचाही उपयोग झाला.

हे औषध नव्हे, चारा बंद झाला की अंडी पुन्हा वाढतात, असा आक्षेप आहे. काही प्रयोगांत तसे दिसलेही. पण अंडी कमी म्हणजे कुरणात अळ्या कमी, आणि तेवढ्यानेही डोस लांबवता येतात. दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या फामाचा तक्त्याने पापणीचा रंग पाहून गरज असेल त्याच जनावराला औषध दिले, तर दोन्ही उपाय एकमेकांना पूरक ठरतात. दीर्घकाळ हाच चारा दिल्यास शरीरातील काही सूक्ष्म खनिजे घटतात, म्हणून तो बेताने आणि लक्ष ठेवूनच द्यायला हवा. सर्वांत वजनदार आक्षेप कॅन्ससचा: तिथे कायद्यानेच हे उपद्रवी तण आहे, कारण ते माळरानातले मूळ गवत दाबून टाकते. म्हणून नवी पेरणी नको. जिथे ते आधीच माजले आहे तिथे ते चारावे, किंवा बी धरण्याआधी कापून वाळवावे. महाराष्ट्रातही पावसाळ्यात हाच जंत त्रास देतो, पण इथे परके बी आणायचे कारण नाही. शेळ्या आवडीने खातात त्या बाभळीच्या पाल्या-शेंगांतही टॅनिन असते. प्रयोग त्यांच्यावर व्हावेत.