वडिलांबरोबर सांदण दरीत

आम्हा डोंबिवलीकरांच्या घरात सांदण म्हणजे फणसाचं. ‘रविवारी सांदणला जाऊ’ म्हटल्यावर वडिलांनी विचारलं, ‘जानेवारीत फणस कुठला?’ ही सांदण म्हणजे अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळची दरी. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे जीपने घोटी, भंडारदरामार्गे साम्रद.

सह्याद्रीचा हा काळा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्यातली एक भेग पाण्याने कोरत नेली, तीच ही दरी. अमेरिकेतली ग्रँड कॅन्यन दीड किलोमीटरहून खोल आणि कित्येक किलोमीटर रुंद. सांदणची खोली दोन-तीनशे फूट. पण काही ठिकाणी हात पसरले की दोन्ही भिंती हाताला लागतात. जवळच रतनगडाच्या डोंगरात उगम पावणारी प्रवरा गोदावरीला मिळून पूर्वेच्या समुद्राला जाते. सांदणचं पाणी मात्र कोकणात, आपल्या ठाणे जिल्ह्यात उतरतं. वडिलांना हे फार आवडलं.

पावसाळ्यात इथे पाऊल टाकू नये. वरच्या पठारावर पडलेलं पाणी या फटीत एकवटतं आणि बाजूला चढून जायला जागा नसते. हिवाळ्यातही वाटेत पाण्याचे दोन डोह लागतात. दुसऱ्यात कमरेएवढं पाणी असू शकतं, म्हणून गावातला वाटाड्या हवाच.

वडील ७२ वर्षांचे. किल्ल्यावर आधी चढण असते, दमल्यावर उतार. दरीत उलटं. जाताना उतार, म्हणून माणूस जोरात पुढे जातो. चढण येते ती गुडघे थकल्यावर. सगळी वाट दगडधोंड्यांची, काही घराएवढे. म्हणून मी निघतानाच ठरवलं होतं, अर्धा दम शिल्लक असतानाच मागे फिरायचं. दोराने कडे उतरून खाली शहापूर तालुक्यातल्या डेहण्याला जाता येतं, हे वाटाड्याने सांगितलं मात्र, वडिलांचे डोळे चमकले. ‘मग तिकडूनच आसनगावला जाऊ. लोकल मिळेल.’

मी नाही म्हणालो. लहानपणी पुरात पोहायला ते मला नाही म्हणत, अगदी त्याच आवाजात. ते काही बोलले नाहीत. जिथून दोर लागतो, त्याच्या बरेच अलीकडे एका कातळावर बसून आम्ही चपाती-भाजी खाल्ली. परतताना डोहापाशी आलो, तेव्हा माझ्या हातातली काठी त्यांनी काढून घेतली आणि खोली बघत स्वतः पुढे झाले.