दोन दिवस वाईला : गटाची निवांत सहल कशी ठरवावी

आज कर्ज, हप्ता, व्याज यांतलं काही बोलायचं नाही. आज आपण बोलणार आहोत सहलीबद्दल. आणि तीही पळापळीची नाही, निवांत सहल.

आपण बाया घराबाहेर पडत नाही असं नाही. लग्नाला जातो, दहाव्याला जातो, दवाखान्यात जातो, तालुक्याला प्रशिक्षणाला जातो. देवाला तर जातोच. पण देवाची सहल कशी असते, ठाऊक आहे ना? पहाटे तीनला गाडी, दोन दिवसांत सात-आठ ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी रांग, घाटात दोघीतिघींना उलट्या. घरी आल्यावर कुणी विचारलं काय पाहिलंस, तर गाडीची खिडकी आठवते. म्हणून आमच्या गटाने ठरवलं, एकच गाव धरायचं आणि तिथे दोन दिवस राहायचं. गाव निवडलं वाई.

वाई का, ते आधी सांगतो. आम्ही माण तालुक्यातल्या. आमच्याकडे नदी म्हणजे वर्षातले बरेच महिने वाळूच. वाईला कृष्णा गावाच्या अंगणातून वाहते आणि काठाने दगडी घाट बांधलेले आहेत. बसून राहायला याहून चांगली जागा कुठली? शिवाय गाव पायी फिरण्याएवढं आहे, बाजारपेठ घाटाला लागूनच आहे आणि एसटी थेट जाते. साताऱ्याहून सुमारे ३५ किलोमीटर. पुण्याकडच्या मैत्रिणींनाही स्वारगेटहून गाडी मिळते.

आता पहिली अडचण, परवानगी. हा शब्द आम्हाला आवडत नाही, पण घरोघरी तोच चालतो. आमच्यातल्या काही जणी म्हणाल्या, "गणपतीला चाललोय असं सांगू, मग कोण अडवणार?" वाईत ढोल्या गणपती आहे, त्यामुळे ते खोटंही झालं नसतं. पण गटात चर्चा झाली आणि ठरलं की सरळ सांगायचं, दोन दिवस विश्रांतीला चाललोय. विश्रांती हा शब्द घरात बोलायला आपल्याला किती जड जातो, ते त्या आठवड्यात कळलं. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "आम्ही कधी केली गं विश्रांती?" तिने उत्तर दिलं, "म्हणूनच तुम्हीपण चला." त्या आल्या. आमच्या चौदा जणींत त्या पंधराव्या, वय ७६.

घरची व्यवस्था बोलण्यावर ठेवू नका, कागदावर लिहा. म्हशीची धार कोण काढणार, डेअरीला दूध कोण घालणार, मुलांचा डबा, शेळ्यांचा चारा, म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या. प्रत्येकापुढे घरातल्या माणसाचं नाव. आणि एक गोष्ट ठासून सांगतो. निघण्याआधी चार दिवसांच्या भाकऱ्या, दळण, धुणं सगळं उरकून ठेवायच्या भानगडीत पडू नका. तसं केलं तर सहलीला निघालेली बाई आधीच अर्धमेली होते. घरातली माणसं दोन दिवस पिठलं-भात करून खातील. शनिवार-रविवार धरला तो त्याचसाठी. म्हशीला रविवार कळत नाही, पण पोरं घरी असतात आणि नोकरीवाला नवराही. मात्र शनिवार-रविवारी पाचगणी-महाबळेश्वरकडे जाणारी गर्दी वाईवरूनच पसरणीचा घाट चढते, म्हणून राहण्याची जागा महिनाभर आधी ठरवा.

महिनाही बघून घ्या. आमच्याकडे रब्बीची ज्वारी पेरून झाली की काढणीपर्यंत थोडी उसंत असते, दिवाळीनंतरचे दिवस आम्ही घेतले. पौषात मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा असते, तेव्हा वाईतून माणसांचा लोंढा जातो. रंगपंचमीला जवळच बावधनचं बगाड. ते पाहायचं असेल तर जरूर जा, पण मग निवांतपणाची अपेक्षा ठेवू नका. पावसाळ्यात नदी फुगते आणि घाटाच्या पायऱ्या निसरड्या होतात, ते दिवस टाळाच.

पैशाचं बघू. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही आणि सहलीसाठी अंतर्गत कर्जही द्यायचं नाही, हे आम्ही पहिल्याच बैठकीत लिहून घेतलं. सहलीची वेगळी भिशी धरली. महिन्याला शंभर रुपये, आठ महिने, वेगळी वही. दोघींना शंभरही जड जात होते. त्यांचे पैसे सगळ्यांनी मिळून भरू, असं एक जण बोलली. बोलली चांगल्या मनाने, पण सगळ्यांसमोर. तेव्हा त्या दोघींच्या माना खाली गेल्या. मग गटाने पापडाची एक ऑर्डर घेतली, सगळ्याच बसल्या, आणि जो नफा झाला तो सगळ्यांच्याच नावावर सारखा वाटून भिशीत टाकला. कुणाचं किती कमी होतं, ते त्या वहीत आता शोधूनही सापडत नाही.

प्रवासाचा खर्च मात्र हलका झाला आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. राज्याच्या हद्दीत, साध्या गाडीत आणि आरामगाडीतही. वयाची ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, तो नियम २०२२ च्या ऑगस्टपासूनचा. आमच्या त्या सासूबाईंचं तिकीट शून्य रुपयांचं निघालं. ते त्यांनी बटव्यात जपून ठेवलंय. वयाची सवलत घेणारीने आधारकार्ड जवळ ठेवायचं. लॉजवरही प्रत्येकीचं ओळखपत्र मागतात, त्यामुळे सगळ्याच जणींनी घ्या.

राहण्याची जागा ठरवताना भाडं सोडून आणखी काही विचारायला लाजू नका. संडास खोलीत आहे की बाहेर अंगणात? गुडघे दुखणाऱ्यांसाठी कमोड आहे का? दाराला आतून कडी नीट लागते का? रात्री दिवा असतो का? गरम पाणी किती वाजता? एका ठिकाणी फोन केला तर पलीकडून विचारणा झाली, "बरोबर पुरुष माणूस कोण आहे?" नाही म्हटल्यावर जागा नाही म्हणाले. आम्ही वाद घातला नाही, दुसरीकडे फोन केला. तिथे दोन मोठ्या खोल्या मिळाल्या.

बांधून काय घ्यायचं? पहिल्या दिवसाची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. बस्स. स्टो नाही, पातेली नाही, पीठ नाही. हा नियम पाळायला सगळ्यात अवघड गेला, कारण बाहेर जेवायचं म्हणजे पैसे उधळणं असं आपल्याला वाटतं. पण दुसऱ्याने रांधलेलं, दुसऱ्याने वाढलेलं ताट पुढ्यात येणं, हाच तर सहलीतला मोठा भाग आहे! खाणावळीत आधी सांगून ठेवलं की दरही ठरतो. गोळ्या, पॅड, टॉर्च, एक जादा पातळ. पाळीची तारीख त्याच दिवसांत येणारीने मागे राहायचं नाही. देवळात जायचं की घाटावर बसायचं, ते तिचं तिने ठरवावं. त्यावर कुणी कुजबुजायचं नाही.

आता तिथे करायचं काय? फार काही नाही. शनिवारी दुपारी पोचून आम्ही जेवलो आणि झोपलो. हो, दुपारी झोपलो. ऊन उतरल्यावर गणपती घाटावर गेलो. हे देऊळ १७६२ साली सरदार गणपतराव रास्ते यांनी बांधलं. मूर्ती एवढी भव्य की नाव ढोल्या गणपतीच पडलं. देवळाच्या मागच्या बाजूला जाऊन भिंत जरूर बघा. ती माशासारखी निमुळती बांधलेली आहे, पुराचं पाणी तिच्यावर आपटून दोन्हीकडे फुटावं म्हणून. शेजारीच काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे, तिथला काळाभोर गुळगुळीत नंदी पाहण्यासारखा आहे. मग पायऱ्यांवर बसून राहायचं. मराठी विश्वकोशाचं मोठं काम याच गावात झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथलेच, असं आमच्यातल्या एका शिकलेल्या पोरीने सांगितलं. बाकीच्या जणी नदीकडे बघत ऐकत होत्या.

रविवारी सकाळी मेणवली. वाईपासून तीनेक किलोमीटर, रिक्षाने जाता येतं. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा घाट. 'स्वदेस' सिनेमाचं चित्रीकरण इथे झालं होतं. घाटावर एक मोठी घंटा आहे, तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तिथल्या पोर्तुगीजांची ही घंटा. पाण्यात उतरायचं तर पायरीवर बसून पाय सोडण्यापुरतंच, कारण धोम धरण जवळच वरच्या अंगाला आहे आणि पाणी कमीजास्त होतं.

"इतक्या लांब आलोच आहोत तर महाबळेश्वर करून घेऊ," असं कुणीतरी म्हणणारच. आमच्यातही निघालं. गाडीवालाही दोन तासांत नेऊन आणतो म्हणाला. आम्ही हात वर करून मत घेतलं, नको म्हणणाऱ्या अकरा निघाल्या. ज्यांना हवं होतं त्या चौघींसाठी पुढच्या वर्षीचं ठिकाण त्यांनीच सुचवायचं, असं ठरलं. तो दुपारचा वेळ घाटाजवळच्या बाजारात गेला. कुणी हळद घेतली, कुणी बांगड्या भरल्या, दोघी नुसत्याच झाडाखाली बसल्या.

फोनबद्दलही एक ठरवून घ्या. घरी संध्याकाळी एकदाच करायचा. मीठ कुठे आहे, हे विचारायला आलेले फोन आम्ही उचलले नाहीत.

परत आल्यावर पुढच्या बैठकीत हिशेब वाचून दाखवा, तिकिटं आणि पावत्या वहीत चिकटवा. आमचे ४१० रुपये उरले, ते पुढच्या भिशीचा पहिला जमा म्हणून लिहिले. त्या चौघींनी ठिकाण अजून सांगितलेलं नाही, सासूबाईंनी मात्र आपलं नाव आधीच लिहून घ्यायला लावलं आहे.