मांडवातली दुसरी काच

उमरग्यात लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. सोलापूरकडून, हैदराबादकडून येणारे फोटोग्राफर हल्ली कॅमेऱ्याच्या जोडीला टॅब आणतात आणि तो स्टँडवर उभा करतात. इकडे क्लिक झाले की तिकडे फोटो दिसतो. त्याने फोटो खरेच चांगला येतो, की पाहुण्यांवर छाप पाडण्यापुरतेच ते आहे? लग्नसराईच्या आधी उत्तर मिळाले तर बरे, असेही त्यांनी लिहिले आहे.

फोटो चांगला येत नाही. प्रकाश लेन्समधून सेन्सरवर पडतो आणि फोटोचे जे काय बरेवाईट व्हायचे ते तिथेच होते. टॅबमुळे होते ते एवढेच, की बिघडलेला फोटो मांडव उतरण्याआधी ध्यानात येतो. हे ‘एवढेच’ एके काळी फार महाग होते. १८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रीकरण केले. ती फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. बोटीने जायची, बोटीने यायची. डाव नीट टिपला गेला की नाही हे कळेपर्यंत पैलवान पुढच्या कुस्त्यांच्या तयारीला लागले असणार.

त्या काळी उमरगा निजामाच्या राज्यात होते, आणि त्या राज्याचे दरबारी छायाचित्रकार होते लाला दीनदयाळ. सहाव्या निजामाने त्यांना ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला, स्टुडिओ सिकंदराबादला. त्यांच्या वेळच्या मोठ्या कॅमेऱ्यांना मागच्या बाजूला घासलेल्या काचेची तावदाने असत, काहींना तर दहा बाय बारा इंचांची, म्हणजे आजच्या अकरा इंची टॅबच्या दुप्पट क्षेत्रफळाची. दृश्य त्या काचेवर उलटे उमटायचे. फोटोग्राफर डोक्यावरून काळे कापड घेऊन त्याकडे बघत बसायचा, फोकस जुळवायचा. मग काचेच्या जागी प्लेट सरकवायची. म्हणजे फोटो निघताना त्याला काचेवर काहीच दिसत नसे. पण आधी दिसायचे ते भरपूर मोठे आणि निवांत.

पुढे कॅमेरे लहान होत गेले तशी ही काचही आक्रसली आणि शेवटी डोळ्याला लावायच्या झरोक्याएवढी झाली. डिजिटल युगाने ती परत आणली, पण सरळ वाटेने नाही.

१९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. शंभर बाय शंभर, म्हणजे अवघे दहा हजार पिक्सेल. एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागत. कॅमेऱ्याला स्क्रीन नव्हतीच. कॅसेट काढायची, दुसऱ्या यंत्रात घालायची आणि टीव्हीवर फोटो बघायचा. आपले फोटो टीव्हीवर कोण कशाला बघेल, असे साहेबलोकांनी विचारले, ही गोष्ट आता सगळ्यांना पाठ आहे. त्यामानाने १९९१ ची गोष्ट कमी सांगितली जाते. कोडॅकने त्या वर्षी बातमीदारीसाठी डीसीएस हा कॅमेरा विकायला काढला. निकॉन एफ३ च्या अंगात १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर, आणि वायरने जोडलेली एक जड पेटी फोटोग्राफरच्या खांद्याला. पेटीत २०० एमबीची हार्ड डिस्क आणि चार इंची काळीपांढरी स्क्रीन. कॅमेरा हातात, स्क्रीन वेगळी! उमरग्याच्या मांडवात स्टँडवर उभा असलेला टॅब या पेटीचाच नातू आहे.

मधल्या पिढीत स्क्रीन कॅमेऱ्याच्या पाठीला चिकटली ती कॅसिओमुळे. तिथल्या हिरोयुकी सुएताका या इंजिनिअरचे नाव सॅसनइतके गाजले नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. कॅसिओचा १९८७ चा फ्लॉपीवर फोटो साठवणारा कॅमेरा बाजारात आपटला होता. त्यावर काम केलेल्या सुएताकांनी हट्ट सोडला नाही. त्यांचे सुरुवातीचे नमुने इतके तापायचे आणि इतके वजनदार होते की कंपनीत त्यांना ‘गरम’ आणि ‘जड’ अशा अर्थाची बायकी टोपणनावे पडली. त्यातून १९९५ साली क्यूव्ही-१० आला : पाव मेगापिक्सेल, ६५ हजार येन, आणि पाठीवर १.८ इंचांची रंगीत स्क्रीन. फोटो अगदीच सुमार. पण काढल्याबरोबर बघायचा, आवडला नाही तर पुसायचा, शेजाऱ्याला दाखवायचा, ही सवय जगाला त्या स्क्रीनने लावली. आज आपण फोनने जे करतो त्यात सॅसनचा वाटा आहे तेवढाच सुएताकांचा. एकाने फोटो आकड्यांत आणला, दुसऱ्याने तो जागच्या जागी दाखवला.

२०१० नंतर टॅब आले आणि वाय-फायमुळे स्क्रीन पुन्हा सुटी झाली. फायदा मुख्यतः आकाराचा. कॅमेऱ्याची तीन इंची स्क्रीन आणि अकरा इंची टॅब यांवर एकच फोटो उघडला, तर टॅबवर तो क्षेत्रफळाने साधारण बारा पट मोठा दिसतो. नवरदेवाने डोळे मिटलेत, फोकस नाकाऐवजी मुंडावळ्यांवर बसलाय, मागच्या रांगेतल्या करवलीचा चेहरा कोणाच्या फेट्याआड गेलाय, हे तीन इंचांत सुटते आणि अकरा इंचांत सुटत नाही. समूहफोटोसाठी टॅब असावा तो यासाठीच.

आता उन्हाचे बघू. मेमधल्या दुपारी उघड्यावर प्रकाश एक लाख लक्सच्या आसपास असतो. त्या उन्हातल्या पांढऱ्या सदऱ्याची चकाकी हिशेबाने पंचवीस हजार नीट्सच्या घरात जाते. टॅबची काच त्यातला सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकते, म्हणजे हजार नीट्स. आणि सर्वसाधारण टॅब पूर्ण ब्राइटनेसवर देतो पाचशे! तुम्ही पांढरा सदरा घालून उन्हात टॅबपुढे उभे राहिलात, तर फोटोपेक्षा तुमचा सदराच दुप्पट उजळ दिसणार. तोच सदरा काळा असेल तर प्रतिबिंब साठ-सत्तर नीट्सवर येते आणि फोटो दिसू लागतो. म्हणजे दीनदयाळांच्या काळच्या काळ्या कापडाची गरज काही संपलेली नाही. टॅबसाठी शेकडो रुपयांचे हूड विकत मिळतात, पण एक काळी छत्री आणि काळा शर्ट यांत बरेच भागते.

उष्णतेचा प्रश्न वेगळाच. ॲपलने आयपॅड वापरण्यासाठी भोवतालचे तापमान ० ते ३५ अंश सांगितले आहे. आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तापलेला टॅब स्वतःला वाचवण्यासाठी आधी ब्राइटनेस उतरवतो, म्हणजे उजेडाची गरज सगळ्यात जास्त असते नेमका तेव्हा. जाहिरातीतले टॅब बहुधा महाबळेश्वरला वापरत असावेत.

आणि सावलीत, रात्रीच्या स्टेजवर तो झकास दिसू लागला की तिथे दुसरा सापळा. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना उजळ स्क्रीनवरचा फोटो हवा त्याहून उजळ वाटतो. घरी कॉम्प्युटरवर उघडावा तर काळवंडलेला निघतो. दुपारी उलटे : स्क्रीन अंधूक दिसते म्हणून माणूस एक्स्पोजर वाढवतो आणि चेहरे पांढरे पडतात. स्क्रीन तीन इंची असो की अकरा, तिच्यावरून उजेडाचा अंदाज करू नये. त्यासाठी हिस्टोग्राम आहे. आडतीवर मालाची प्रतवारी लावून पोत्यांच्या थप्प्या कराव्यात, तसे हिस्टोग्राम फोटोतल्या सगळ्या पिक्सेलची उजेडाप्रमाणे थप्पी लावतो : डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे. उजव्या भिंतीला थप्पी टेकली की तिथला तपशील गेला. डोळा फसतो, थप्पी फसत नाही.

तरी हळदीच्या कार्यक्रमात थप्पीही अर्धेच सांगते. हळदीतले कुर्क्युमिन निळा-जांभळा प्रकाश शोषून घेते, त्याचे सर्वाधिक शोषण ४२५ नॅनोमीटरच्या आसपास असते. म्हणून हळद लावलेल्या गालाच्या फोटोत निळ्याचा आकडा तळाला जातो आणि पिवळट दिव्यांखाली लाल काठोकाठ भरतो. तिन्ही रंगांची सरासरी दाखवणारा आलेख मात्र ‘सगळे ठीक’ म्हणत राहतो. गालाची गोलाई, बोटांचे ठसे, पिवळी साडी, सगळ्याचा मिळून एक सपाट पिवळा पट्टा होतो. लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे हिस्टोग्राम टॅबवर शेजारी शेजारी लावून ठेवता येतात. कॅमेऱ्याच्या पाठीवर ते चिंचोळ्या पट्ट्यांसारखे दिसतात आणि कोणी बघत नाही. लाल भिंतीला टेकला की एक्स्पोजर थोडे उतरवायचे. माझ्या मते उमरग्यातल्या फोटोग्राफरने टॅबवर पैसे घालण्याचे हे पहिले चांगले कारण आहे. (डीजेवाल्याने अतिनील दिवे लावले असतील तर हळद हिरवट-पिवळी चमकू लागते. तो फोटो जरूर काढा, फक्त त्वचेचा रंग जुळवायच्या फंदात पडू नका.) टॅबमधला रात्री पिवळसर होणारा किंवा भोवतालच्या उजेडाप्रमाणे रंग बदलणारा पर्याय मात्र आधी बंद करा, नाहीतर हळद कुठली आणि सॉफ्टवेअर कुठले हे ओळखता येणार नाही.

टॅबवर बघूनच फोटो काढायचा, हा प्रकार वेगळा, आणि लग्नात तो टाळावा. सेन्सरवरचे चित्र वाचायचे, दाबून लहान करायचे, वाय-फायने पाठवायचे, टॅबने ते उलगडायचे. यात दोन दशांश सेकंद सहज जातात. बघून बोट हलवायला माणसाला आणखी दोन दशांश लागतात. शेवटचे ‘सावधान’ झाले आणि अंतरपाट हातातून सुटून सरळ खाली पडला असे धरले, तर ०.४ सेकंदात तो पाऊण मीटरहून जास्त खाली गेलेला असतो. वधूवरांनी एकमेकांना पहिल्यांदा पाहिले तो क्षण संपला आणि तुमच्या फोटोत त्याच्यानंतरचे ओशाळे हसू आले. डोळा व्ह्यूफाइंडरलाच हवा. वाय-फायचे आणखी एक दुखणे म्हणजे मांडवातली गर्दी. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणूस हा मुख्यतः पाण्याचाच बनलेला असतो. शिवाय त्याच पट्ट्यात शेकडो मोबाइलची कुजबुज चालू. रॉ फाइल पाठवायच्या भानगडीत न पडता टॅबवर लहान जेपीईजी जातील एवढेच ठरवावे. केबल लावली तर वेग मिळतो, पण अक्षता टाकायला निघालेली एखादी आजी तिच्यात पाय अडकून पडेल, याचाही विचार करावा लागतो.

केबल आणि टॅब दोन्ही निर्धास्त वापरावेत ते जिथे कोणी हलत नाही तिथे. उमरग्यातल्याच जुन्या दगडी महादेव मंदिरासारखी जागा घ्या. काळा दगड, आत उजेड नाही, आणि बघण्यासारखे कोरीव काम डोक्याच्या वर. कॅमेरा तिवईवर आकाशाकडे तोंड करून ठेवला की त्याच्या पाठीवरची स्क्रीन जमिनीकडे होते. मग फोटोग्राफर फरशीवर उताणा. शटर दोन-चार सेकंद उघडे ठेवायचे असते आणि बटण बोटाने दाबले की तेवढ्या धक्क्यानेही कडा पुसट होतात. टॅबवरून फोकस हवा तेवढा मोठा करून बघायचा, टॅबवरूनच क्लिक करायचे, कॅमेऱ्याला हात लावायचाच नाही. दोन दशांशांचा उशीर झाला तरी दगडाला घाई नसते. पोथ्या, जुनी कागदपत्रे वरून टिपतानाही हेच. अशा कामात टॅबने फोटो खरेच चांगला येतो, हे सुरुवातीच्या माझ्या ठाम नकाराला अपवाद म्हणून नोंदवतो.

नवरीला टॅब दाखवावा का, हे वाचकाने विचारलेले नाही. तरी सांगतो, जपून. १९७७ साली अमेरिकेत मिटा, डर्मर आणि नाइट या मानसशास्त्रज्ञांनी एक छान प्रयोग केला. तरुणींना त्यांचेच दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखा उलटा. त्यांनी बहुधा उलटा पसंत केला, मैत्रिणींनी सरळ. जो चेहरा रोज दिसतो तोच बरा वाटतो, आणि स्वतःचा चेहरा आपण रोज आरशातच बघतो. त्यामुळे टॅबवर मोठा फोटो बघून नवरी ‘मी अशी दिसते?’ म्हणाली, तर तिची आणि तुमची दोघांचीही चूक नसते. तिच्या बहिणीला विचारा. मामांना विचारू नका. त्यांना हिस्टोग्रामवरही मत असते.

राहिला पैशांचा प्रश्न. नव्या महागड्या टॅबची गरज नाही. घरातला पाच-सहा वर्षांपूर्वीचा चालेल, फक्त तुमच्या कॅमेरा कंपनीचे ॲप त्यावर चालते का ते आधी बघा. कार्डावरच्या फोटोंची दुसरी प्रत लगेच टॅबमध्ये घेऊन ठेवायची असेल, तर हिशेब मात्र करा. एक रॉ फाइल ३० एमबीची धरली आणि एका लग्नाचे दोन हजार फोटो धरले, तर ६० जीबी होतात. ६४ जीबीचा टॅब, त्यात ॲप, त्यात मुलांचे गेम : वरात निघायच्या आतच तो ‘जागा शिल्लक नाही’ म्हणेल. दुसऱ्या प्रतीसाठी दोन कार्डांचा कॅमेरा बरा, आणि टॅबवर जेपीईजीच घ्या.