पासपोर्ट हातात परत आला, आता पुढे?

मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत सगळं उलटं असतं. खिडकीतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट ठेवून घेतला तर हसत बाहेर पडायचं आणि हातात परत दिला तर समजायचं की काम झालं नाही. आमच्या शेजारचे काका-काकू पहाटेची विरार लोकल पकडून वांद्र्याला उतरले आणि दुपारच्या जेवणाला मनवेलपाड्यात परत होते. दोघांचे पासपोर्ट पिशवीत, सोबत एक छापील कागद आणि कागदावर २१४(बी). संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमध्ये निदानांचा पाऊस पडला. बँकेत पैसे कमी पडले असतील. इंग्रजी नडलं असेल. बिल्डिंगला ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, नाही ना! आधारवर पालघर आणि जन्मदाखल्यावर ठाणे, त्यानेच घोळ झाला. एका वहिनींनी तर जीवदानी देवीला नवस न बोलता गेल्याचा ठपका ठेवला.

नवसाबद्दल मी बोलत नाही. बाकीच्यांबद्दल बोलतो, कारण असे फॉर्म भरायला लोक माझ्याकडे येऊन बसतात आणि तेच ते गैरसमज घेऊन येतात.

जिल्ह्याचंच आधी घ्या. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधी वसई-विरारमध्ये जन्मलेल्या प्रत्येकाच्या कागदावर ठाणेच असणार. फॉर्ममध्ये पासपोर्टवर जे आहे ते लिहायचं, विषय संपला. ओसीचंही तसंच. विरार पूर्वेत ओसी नसलेल्या इमारती कमी नाहीत आणि तिथे राहणारे लोक परदेशी जाऊनही येतात. अमेरिकेच्या मुलाखतीत घराचे कागद बहुतेकदा मागितलेही जात नाहीत. काकूंच्या फाइलमध्ये घरपट्टी, महावितरणची बिलं, एफडीच्या पावत्या, सगळं लॅमिनेट करून ठेवलेलं होतं. अधिकाऱ्याने फाइल उघडलीच नाही आणि काकूंना त्याचंच सगळ्यात जास्त लागलं.

पण ती मुलाखत फाइल तपासण्यासाठी नसतेच. २१४(बी) हे १९५२ च्या अमेरिकन इमिग्रेशन कायद्यातलं कलम आहे आणि त्याचा रोख साधा आहे: व्हिजिटर व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिथेच राहायला निघालाय असं धरून चालायचं, तसं नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचं. कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, इथे तो सरकारला मिळतो. म्हणजे नकाराचा अर्थ ‘तुम्ही खोटे’ किंवा ‘तुम्ही गरीब’ असा नाही. ‘तुम्ही परत याल हे त्या दोन-तीन मिनिटांत पटलं नाही’, एवढाच आहे.

मग काकांना मी विचारलं, नेमकं काय बोलणं झालं? ते असं:

‘का जाताय?’ काकू म्हणाल्या, मुलीचं बाळंतपण.

‘किती दिवस?’ काका म्हणाले, ‘बघू, जावई म्हणतील तसं. सहा महिने तर राहता येतं ना?’

आणि फॉर्ममध्ये? फॉर्म स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सवाल्याने भरला होता. त्यात ‘पर्यटन, तीन आठवडे’. नकाराचं कारण बाहेरच्या कोणाला ठामपणे सांगता येत नाही. पण मी अधिकाऱ्याच्या जागी असतो तर मीही थबकलो असतो.

‘एजंटने भरलं, आमची काय चूक?’ हे मी फार वेळा ऐकतो. अमेरिकन व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म भरायला मदत कोणी केली, हा प्रश्न त्या फॉर्ममध्येच असतो. शेवटी सही करून पाठवण्याचं बटण मात्र अर्जदाराने स्वतः दाबायचं असतं. त्यातला शब्द न् शब्द तुमचा धरला जातो. तेव्हा झेरॉक्सवाल्याला दोनशे रुपये द्या हवे तर, पण पाठवण्याआधी पूर्ण फॉर्म मराठीत वाचून घ्या आणि प्रत घरी आणा. बायकांच्या नावांत तर हमखास गोंधळ होतो. माहेरची सुनंदा, सासरची स्मिता. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं. मुख्य नाव पासपोर्टप्रमाणे, जुनं नाव ‘पूर्वीची नावे’ या रकान्यात. लपवायचं काहीच नसतं, फक्त लिहायचं असतं.

इंग्रजीचा धसका तर पूर्ण निराधार. मुंबईच्या वकिलातीत मराठीत मुलाखत देता येते. तोडक्या इंग्रजीत ‘बघू’चा भलताच अर्थ लागण्यापेक्षा स्वच्छ मराठी शंभर पटीने बरी.

आता पैशांचं. मुलगा किंवा भाऊ पंधरा दिवसांसाठी दहा लाख खात्यात टाकतो, स्टेटमेंट निघतं, पैसे परत जातात. ब्रिटन, कॅनडा आणि शेंगेनच्या अर्जांत, जिथे निर्णय मुख्यतः कागदांवरच होतो, ही युक्ती अंगावर येते. अधिकारी शिल्लक बघतो तसाच ती आली कुठून हेही बघतो. महिना तीस हजार पेन्शन आणि अचानक दहा लाख, हे गणित तोही मांडतो. त्यापेक्षा खर्च मुलगा करणार असेल तर सरळ तसं लिहा, त्याच्या पगाराचे कागद जोडा. आपली पेन्शन जेवढी आहे तेवढीच दाखवा. पेन्शन हेही परत येण्याचं कारणच आहे.

सगळ्यात महाग गैरसमज मात्र ‘नवीन पासपोर्ट काढला की जुनं पुसलं जातं’ हा. अमेरिकेच्या व्हिसासाठी दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश अशी माहिती एकमेकांना देतात. ‘यापूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे का?’ हा प्रश्न फॉर्मात येतोच, कॅनडा-ब्रिटनच्या फॉर्मात तर इतर देशांबद्दलही. नकार असताना ‘नाही’ लिहिणं म्हणजे साध्या नकाराचं फसवणुकीत रूपांतर करणं. कॅनडात त्याला पाच वर्षांची बंदी, ब्रिटनमध्ये दहा, आणि अमेरिकेत कायमची लागू शकते. नकार झाला होता हे सांगितल्यामुळे कोणी बंदी घालत नाही.

‘मुंबईत नाही तर दुबईला जाऊन लावू’ असा सल्लाही कोणीतरी देतोच. सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेचा नियम असा की अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करायचा. दिल्ली-हैदराबाद करता येईल, पण नोंद सगळीकडे एकच दिसते. आणि ८० च्या आजोबांना मुलाखतच नसते, हेही आता जुनं झालं. त्याच महिन्यापासून ७९ च्या वरच्यांनाही सर्वसाधारणपणे जावंच लागतं.

दाद मागता येते का? अमेरिकेच्या २१४(बी)वर अपील नाही. फी १८५ डॉलर, ती परत नाही, दुसऱ्यांदा पुन्हा तेवढीच. मात्र कागदावर २२१(जी) असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. काहीतरी कागद किंवा तपासणी बाकी आहे एवढंच. मागितलेले कागद द्यायला एक वर्ष असतं. २२१(जी) बघून घाबरून नवीन फी भरणारे मी पाहिले आहेत. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसालाही अपील नाही, पण पत्रात कारणं सविस्तर असतात. शेंगेनच्या नकारात ठरावीक कारणांपुढे खूण केलेली असते आणि अपिलाचा हक्क असतो. जर्मनीने मात्र फेरविचाराच्या अर्जाची सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली, आता कोर्ट किंवा नवा अर्ज. कॅनडाने २०२५ पासून काही नकारपत्रांसोबत अधिकाऱ्याचं टिपणही द्यायला सुरुवात केली आहे. ते नीट वाचा, पुढच्या अर्जाचा अर्धा अभ्यास त्यातच असतो.

पुन्हा अर्ज कधी? अमेरिकेत सहा महिने थांबायची सक्ती नाही, दुसऱ्या दिवशीही करता येतो. पण काही बदललं नसेल तर उत्तरही बहुधा बदलत नाही. बदल म्हणजे नवी नोकरी किंवा नवा फ्लॅटच असं नाही. फॉर्म आणि तोंडी उत्तर यांच्यातली विसंगती दूर करणं हाही बदलच. आधीच्या मुलाखतीतली प्रश्नोत्तरं त्याच रात्री वहीत लिहून ठेवावीत, आठवड्याने ती ‘मला काहीच विचारलं नाही’ एवढीच उरतात. एक गोष्ट मात्र आधीच तपासा: अमेरिकन नागरिक झालेल्या मुलाने आई-वडिलांच्या ग्रीन कार्डासाठी कागद टाकला असेल तर तो फॉर्ममध्ये सांगावा लागतो. मग ‘फक्त फिरायला’ हे पटवणं अवघड होतं.

काकांच्या वहीत आम्ही तारखा लिहिल्या. बाळंतपण मार्चमध्ये, बारसं झाल्यावर थोडं राहायचं, जूनमध्ये परत. तिकीट मात्र आधी काढायचं नाही. लिहिता लिहिता काका थांबले. ‘अरे, गणपती आमच्याकडे असतात गावी. देवरुखला. एक वर्ष चुकलेलं नाही. हे मी त्याला का नाही सांगितलं?’

‘त्याने विचारलं नव्हतं,’ काकू म्हणाल्या.

‘किती दिवस, हे विचारलं होतं की.’

नवा स्लॉट अजून मिळालेला नाही. काका रोज सकाळी चहाच्या आधी वेबसाइट उघडून बघतात.